काळी एक, काळी चार

आठ मार्चच्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काष्टीच्या बाजारतळावर उभारलेल्या मंचावर दया अमोलिकने गाणं मध्येच थांबवलं. पहिला अंतरा झाला होता, दुसऱ्याची पहिली ओळ झाली होती. माईक तोंडापासून दूर न करता ती कीबोर्डकडे वळली आणि म्हणाली, "खाजाभाई, पट्टी उतरवा. काळी चार करा."

कार्यक्रम महिला दिनाचा होता. समोर सतरंजीवर बचत गटांच्या बायका होत्या, त्यांच्या मागे त्यांना जीप-टेम्पोतून घेऊन आलेले पुरुष खुर्च्यांवर, आणि सगळ्यांत पुढे सोफ्यावर पाहुणे. गाण्याआधी दयाचा सत्कार झाला होता. शाल, नारळ, साडी, आणि 'स्त्रीशक्तीचा बुलंद आवाज' अशी अक्षरं कोरलेलं सन्मानचिन्ह. आयोजक श्रीमंत दरेकर यांनी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, मला बोलता येत नाही, मी गाते. ती गात होती ते गाणं 'बोल बाई, मोकळी बोल' या ओळीने सुरू होतं. ते तिच्या नवऱ्याने, यशया अमोलिकने लिहिलेलं आहे. चालही त्याचीच. केडगावच्या नवदीप कलापथकाचा तो मालक आणि मुख्य गायक. सगळे त्याला मास्तर म्हणतात.

खाजाभाईंचं बोट पट्टी बदलायच्या बटणापाशी गेलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

मास्तर हसले. दुसरा माईक त्यांच्या हातात होता. "उन्हातला प्रवास आहे मंडळी, आमच्या बाईसाहेबांचा घसा जरा बसलाय. होऊन जाऊ द्या टाळ्या!"

टाळ्या झाल्या.

"घसा बसला नाही," दया म्हणाली. "बसवलाय."

"ऐका गं, काय म्हनती ती," सतरंजीवरून एक बाई म्हणाली. मागे कोणीतरी शिट्टी मारली.

"मघाशी दोन शब्द मागितले होते, ते आता घ्या," दया म्हणाली. "बाई, मोकळी बोल, असं हे गाणं सांगतं. शब्द ह्यांचे, चाल ह्यांची, पट्टी ह्यांची. ह्यांच्या गळ्याला जी सोयीची, तिच्यात मी पंचवीस वर्षं किंचाळतेय आणि तुम्ही त्याला बुलंद म्हणताय. घरात बायकोने एवढ्या वर आवाज नेला तर म्हणाल डोकं फिरलं. इथे शिट्ट्या मारता."

पुन्हा शिट्टी आली. "वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. पुरुष हसले, काही बायकाही हसल्या.

"हसा. माझा आवाज खालचा आहे. देवाने दिलाय तसा. खालच्या सुरात बाई बाप्यासारखी वाटते, असं मला सांगितलं, म्हणून मी वर चढले. डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत फोटो दाखवला. स्वरतंतूंवर दोन गाठी आहेत, समोरासमोर, तांदळाच्या कणीएवढ्या. हे सन्मानचिन्ह त्या गाठींना द्या. मला काही नको. त्या कीबोर्डवर एक बटण आहे, ते पाच वेळा दाबायचं आहे. मोर्चा नको, भाषण नको, साडी न—"

इथे माईक बंद झाला. श्रीमंत दरेकर यांनी साउंडवाल्याला हाताने खूण केलेली बऱ्याच जणांनी पाहिली. ते स्वतः नंतर म्हणाले की वायर सैल झाली असावी. दयाचे ओठ हलत होते. ती काय बोलली ते फक्त सोफ्याला आणि सतरंजीच्या पहिल्या रांगेला कळलं. त्या रांगेतल्या, बचत गटाच्या भागूबाईंनी नंतर सांगितलं, "तिनं पोरीकडं बघितलं अन् म्हनली, आरू, तू घेऊ नगंस."

आराधना, दयाची वीस वर्षांची मुलगी, नाताळपासून कलापथकात गाते. मास्तरांनी आपल्या हातातला माईक तिच्या हातात दिला. तिने तो घेतला. दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ तिने परत घेतली, काळी एकमध्येच, आणि तिसऱ्या ओळीला ती वरच्या गंधारावर गेली. आईचा प्रसिद्ध सूर तोच. तिथे ती श्वास संपेपर्यंत थांबली. बाजारतळ दणाणला. मास्तरांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

दया मंचावरून उतरली नाही. बंद माईक हातात धरून ती शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहिली.

पट्टी म्हणजे काय हे काष्टीत समोर बसलेल्या बहुतेकांना माहीत नव्हतं. गायकाचा सा पेटीच्या ज्या पट्टीवर बसतो ती त्याची पट्टी. मास्तरांची काळी एक. दयाने मागितलेली काळी चार तिच्याहून पाच पट्ट्या खाली; कीबोर्डचं बटण एकदा दाबलं की सगळं एक पट्टी उतरतं. पुरुषाच्या गळ्याला ती चांगली मानवते. दयासारख्या बाईला तिच्यात गायचं तर दोनच मार्ग असतात. मास्तरांच्याच सप्तकात उतरायचं, जिथे तिचा आवाज ढोलकीखाली गाडला जातो, नाहीतर त्याच्या वरच्या सप्तकात जायचं, जिथे गाण्याचा पहिला शब्दच ओरडून सुरू होतो. कलापथकात अलिखित रीत आहे: वाद्यं मालकाच्या पट्टीत लागतात आणि सगळे त्या पट्टीत गातात. कोणी तसं ठरवलेलं नाही. ठरवलं असतं तर कोणी तरी कधी तरी विचारलं असतं.

दया नगरला मिशन कंपाउंडमध्ये वाढली. चर्चच्या गायनमंडळात बायकांचे दोन भाग असतात, वरचा आणि खालचा. नॅन्सीबाई हिवाळे तेव्हा गायनमंडळ शिकवायच्या. त्यांनी बारा वर्षांच्या दयाला खालच्या भागात उभं केलं. खालच्या भागाला चाल मिळत नाही, पण वरच्यांचे पाय त्याच्यावर टेकलेले असतात, असं बाई सांगायच्या. दया तिथे लग्न होईपर्यंत गायली. लग्नानंतर पहिल्याच कार्यक्रमात तिला काळी एकमध्ये उभं केलं. गंधारावर तिचा आवाज फाटला आणि लोकांनी त्या फाटण्यालाच शिट्ट्या मारल्या. तेव्हापासून पत्रकांवर 'वरच्या सुराची दया' असं छापून येतं.

काष्टीहून परतताना टेम्पोत मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. दया, आराधना, खाजाभाई आणि ढोलकीवाला मागे, पेट्यांच्या मध्ये. श्रीगोंद्याचा फाटा मागे पडला.

मग मास्तर मागे न वळता म्हणाले, "पुढच्या वर्षी काष्टी आपल्याला बोलवणार नाही."

"बोलवतील. आरूला बोलवतील," दया म्हणाली.

"बोलवतीलच. काय लावला पोरीने गंधार! तुझ्यापेक्षा स्वच्छ. लाज राखली तिने."

"माझी का तुमची?"

"दया, ढोलकी काळी एकला चढवलेली असते. एका गाण्यासाठी ती उतरवायची, परत चढवायची, तोवर पब्लिक काय आरती म्हणणार? सांगून कळत नाही तुला."

"ढोलकी उतरवायला कोणी सांगितलंय? तुमची काळी एक ती माझ्या काळी चारचा मध्यम. ढोलकी मध्यमात लागलेली चालते, आहे तशी वाजते." ती खाजाभाईंकडे वळली. "वाजते की नाही? खरं सांगा."

खाजाभाई सय्यद कलापथकात मास्तरांच्या वडिलांच्या वेळेपासून आहेत. आधी पेटी, आता कीबोर्ड. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "वाजती, वहिनी. वाजती तर खरी."

"ऐकलं का मास्तर? वाजती म्हणतात."

"मास्तर काय बोलले न्हाईत, म्हणून मी बटण दाबलं न्हाई," खाजाभाई घाईने म्हणाले. "मला मध्ये घेऊ नका."

"मध्येच आहात तुम्ही. बटण तुमच्याकडे आहे. गेल्या वर्षी पुण्याचा तो गायक आला होता, नेवाशाच्या कार्यक्रमाला. आठवतोय? तो अजून बूट काढत होता. तुम्ही उठून गेलात आणि विचारलंत, सर, आपली पट्टी कोणती? विचारलं होतं का नाही?"

"विचारलं."

"त्याने पांढरी दोन सांगितली. तुम्ही लगेच लावली. ढोलकीवाल्याने कुरकुर केली नाही, पब्लिकने आरती म्हटली नाही. मग मला का नाही विचारलंत कधी?"

"ते पाहुणे हुते, वहिनी."

"आणि मी?"

"तुमी घरच्या."

खाजाभाईंनी हे आपुलकीने म्हटलं होतं, असं ते आजही सांगतात. आराधना कानात इअरफोन घालून बसली होती. त्यात काही वाजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मोबाईलवर क्लिप फिरू लागली होती. तिचं नाव होतं: 'आईचा आवाज गेला, लेकीने मैदान मारलं!' दयाचं बोलणं त्यात नव्हतं. ती थांबते, मास्तर घसा बसल्याचं सांगतात, आणि आराधना गंधार लावते, एवढंच. खालच्या मजकुरात बहुतेकांनी टाळ्यांची चित्रं टाकली होती. एकाने लिहिलं होतं, म्हाताऱ्या बायांनी आता घरी बसावं. एकाने, मुलगी दिसायलाही झकास. दयाचं वय शेहेचाळीस आहे. मास्तर बावन्नचे आहेत. त्यांच्या वयाबद्दल कोणी काही लिहिलं नव्हतं.

मास्तर चहा घेताना मजकूर मोठ्याने वाचत होते, वयाचा वगळून. त्यातच घोडेगावहून फोन आला. शुक्रवारी तिथे कार्यक्रम आधीपासून ठरलेला होता. आता त्यांना त्यात 'मायलेकींचा सामना' पाहिजे होता. एकाच गाण्यात आधी आई, मग लेक, आणि वरचा सूर कोण जास्त वेळ धरतं ते पब्लिक ठरवणार. मास्तर "बघतो, विचारतो" असं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर त्यांनी कोणालाही विचारलं नाही. दुपारपर्यंत नवं पत्रक तयार झालं. त्यावर दोघींचे फोटो समोरासमोर होते, कोंबड्यांच्या झुंजीत लावावेत तसे.

दयाला हे कळलं ते पत्रकावरून. पण सकाळी तिला आणखी एक गोष्ट कळली होती, आणि ती तिच्या लेखी पत्रकापेक्षा मोठी होती. आराधना उठून स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मम्मी, चहा." तिचा 'चहा' हा शब्द अर्धा हवेत गेला.

"परत बोल," दया म्हणाली.

"काय?"

"चहा म्हण परत."

"मम्मी, सकाळी सकाळी नको ना. थोड्या वेळाने मोकळा होतो."

"माझाही व्हायचा. आधी चहा होईपर्यंत, मग आंघोळ होईपर्यंत, मग दुपारपर्यंत. कधीपासून होतंय हे?"

आराधनाने कप पुढे ओढला. "नाताळपासून."

"आणि सांगितलं नाहीस."

"तू सांगितलंस कधी तुझं? जानेवारीत त्या दवाखान्याची फाइल मला कपाटात सापडली."

दया गॅसपाशी उभी होती. तिने गॅस बंद केला. "काल मी तुला काय म्हणाले ते ऐकलंस ना तू? घेऊ नकोस म्हणाले."

"ऐकलं."

"मग?"

"पप्पांनी हातात दिला माईक. समोर हजार माणसं. मी काय फेकून देऊ?" आराधना थांबली. घसा खाकरला, तो मोकळा झाला नाही. "आणि खरं सांगू? मला लावायचा होता तो सूर. मी विंगेत बसून मोठी झाले, मम्मी. तू गंधारावर गेलीस की शिट्ट्या पडायच्या. तेव्हा तुझा चेहरा मी पाहिलाय. तुला आवडायचं."

"आवडायचं," दया म्हणाली. "आवडायला माझ्याकडे दुसरं काय ठेवलं होतं?"

"मग मला का नको?"

"तुझा आवाज वरचा असता तर मी स्वतः तुला ढकललं असतं वर. तुझा आवाज माझा आहे, बाळा. खालचा. तुला तो अजून भेटलेलासुद्धा नाही. तुझ्या बापाने तुला सरळ वरच्या मजल्यावर नेऊन उभं केलंय, आणि खाली जिना आहे हे सांगितलंच नाही."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दयाने चप्पल घातली आणि म्हणाली, "चल."

नॅन्सीबाई आता ऐंशीच्या जवळ आहेत. नगरला मिशन कंपाउंडमागच्या दोन खोल्यांत राहतात, गुडघ्यांमुळे चर्चला जाता येत नाही, पण पेटी आहे आणि ती रोज उघडते. दयाने काष्टीचा विषय काढला, तशा त्या म्हणाल्या, "पाहिलं. भाचीने दाखवलं मोबाईलवर. बस गं पोरी. 'आ' लाव."

त्यांनी काळी एकवर बोट ठेवलं. आराधनाने 'आ' लावला. बाई एक एक पट्टी खाली येत गेल्या. काळी पाचपर्यंत आराधनाने मान पुढे काढलेली होती, जशी ती मंचावर काढते. काळी चारला मान आपोआप मागे गेली. पांढरी चारला आवाज इतका भरून आला की बाहेर कपडे वाळत घालणारी शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

आराधना स्वतःच थांबली. "हा कोणाचा आवाज?"

"तुझाच," बाई म्हणाल्या. "पण सुजलाय. आज आणखी नको."

"बाई," दया म्हणाली. "माझ्या लग्नानंतर तुम्ही पहिला कार्यक्रम ऐकायला आला होतात. पहिल्या रांगेत होतात. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार."

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले होते. तुझ्याशी नाही, यशयाशी. कार्यक्रम संपल्यावर बाजूला घेऊन सांगितलं, या मुलीचा आवाज खालचा आहे, तिला पट्टी दे. तो म्हणाला, बाई, चर्चमध्ये चार आवाज असतात, मंचावर एकच."

"आणि तुम्ही ऐकून घेतलंत."

"तुझा नवरा होता तो. कलापथक त्याचं होतं."

"गळा माझा होता," दया म्हणाली. ती उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. बाईंनी दिलेला चहा तिने घेतला नाही. इतक्या वर्षांत तिने बाईंच्या घरून चहा न घेता निघण्याची ही पहिलीच वेळ.

बुधवारी नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आराधनाच्या घशात कॅमेरा घातला. दया शेजारी बसून पडदा पाहत होती. सूज होती, दोन्ही स्वरतंतू लाल होते. गाठ नव्हती. "अजून नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पंधरा दिवस पूर्ण मौन, कुजबूजसुद्धा नाही, आणि पुढे महिनाभर गाणं बंद. त्यानंतर स्वतःच्या पट्टीत. वरचं गाणं चालू ठेवलं तर काय होईल ते सांगायला त्यांनी दयाची जुनी फाइल उघडली आणि दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले.

मास्तरांनी संध्याकाळी दोन्ही फोटो चष्मा लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "शुक्रवार एवढा होऊ दे. शनिवारपासून महिना काय, दोन महिने मौन धर म्हणावं."

"तुम्ही वाचलंत का नीट?"

"वाचलं. तुला काय वाटतं, मला पोरगी नको झालीय? माझंही ऐक. सरकारी योजनांच्या प्रचाराचे कार्यक्रम गेले. आता सगळे मोबाईलवर जाहिरात करतात. आपल्याला कोण बोलावतं ते का बोलावतं? माझ्यासाठी? माझा सूर दहा वर्षांपूर्वीच उतरला, मला कळत नाही का? तुझ्या त्या गंधारासाठी बोलावतात. तो गेला तर नवदीपमध्ये काय उरलं? ढोलकीवाल्याला मी काय सांगू? खाजाभाईंना या वयात कुठे पाठवू?"

"म्हणजे सगळ्यांची पोटं माझ्या गळ्यावर चालली," दया म्हणाली. "तरी मला पट्टी मागायची तर परवानगी लागते. ज्याच्यावर चालतं त्याचं चालत नाही. छान आहे."

"भांडू नकोस."

"भांडत नाही. अट सांगते. शुक्रवारी मी येईन. सामना नाही. मी एकटी गाईन, काळी चारमध्ये. डॉक्टरांनी मलाही मनाई केलीय, तरी गाईन, कारण लोकांना एकदा ऐकू दे बाईचा खालचा आवाज कसा असतो ते. उठून गेले तर जाऊ दे. आरू गाणार नाही."

"पत्रकावर दोघी आहेत."

"पत्रक तुम्ही छापलंत."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर मी मंचावर येऊन परत थांबेन. या वेळी माईक बंद केलात तरी चालेल. माझा खालचा आवाज माईकशिवायही जातो, तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी ऐकलेला नाही."

आराधना दारात उभी होती. दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं. मौन सुरू झालं होतं, त्यामुळे ती काही बोलू शकत नव्हती.

"तूच सांग," मास्तर म्हणाले. "मान हलव. येणार ना?"

"तिला विचारू नका," दया म्हणाली. "तिला नाही म्हणता येतं का हे आधी बघा. मला पंचवीस वर्षं लागली."

आराधनाने मान हलवली नाही. ती आत गेली.

गुरुवारी भागूबाईंचा काष्टीहून फोन आला. बचत गटातल्या कोणाकडून तरी त्यांनी नंबर मिळवला होता. "ताई, तुमचं बोलनं मागच्या बायांना ऐकूच आलं न्हाई. त्या इचारत्यात, बाई काय म्हनली? मी म्हनलं, पट्टीचं काहीतरी म्हनली. त्या म्हनल्या, कसली पट्टी? मग मी म्हनलं, घरात नवरा रेडू लावतो बघ त्याला पायजे तेवढा, अन् आपन त्याच्यावरनं वरडून बोलतो, तसलं काहीतरी. बराबर सांगितलं का?"

"बरोबर सांगितलंत," दया म्हणाली.

"मग त्यो रेडू बारीक करायला आमच्यातली येक बी उठली न्हाई, ताई. लई वाईट वाटलं." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "पोरगी मात्र काय गायली हो! अंगावर काटा आला."

दयाने फोन ठेवला आणि उंबऱ्यावर बसून राहिली. मग उठून तिने पत्रकांचा गठ्ठा, जो मास्तर कोपऱ्यात ठेवून गेले होते, बंबात घातला. त्याने काही बदललं नाही. घोडेगावात पत्रकं केव्हाच लागली होती.

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता टेम्पो केडगावहून निघाला. मास्तर पुढे होते. दया मागे होती, कीबोर्डची लांब पिशवी तिने मांडीवर आडवी घेतली होती. खाजाभाईंनी "द्या वहिनी, मी घेतो" असं म्हटलं, तिने दिली नाही. आराधना शेवटी आली. पिवळी साडी नेसली होती, जी ती फक्त मंचावर नेसते. पण साडी नेसली याचा अर्थ तिने काय ठरवलं असा होत नाही, कारण कलापथकातले सगळेच रंगीत कपड्यांत निघतात, गाणारे असोत की नसोत. बुधवारपासून ती एक शब्दही बोललेली नव्हती. वांबोरी फाट्यापाशी टेम्पो चहाला थांबला तेव्हा तिला हाक मारून मास्तरांनी काहीतरी विचारलं. ती आईच्या आणि खाजाभाईंच्या मध्ये बसून राहिली.

पावणेसहाला घोडेगावात मंच लागला. कीबोर्ड पिशवीतून दयाने काढला आणि स्टँडवर ठेवला. तो बंद करून चालू केला की आधीची पट्टी पुसली जाते, दर वेळी नव्याने लावावी लागते. खाजाभाईंनी वायर जोडली, बटण दाबलं, छोट्या पडद्यावर दिवा लागला. मास्तर मंचाच्या एका टोकाला उभे होते, दया दुसऱ्या. खाजाभाईंनी आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं. मग ते आराधनाकडे वळले आणि म्हणाले, "बेटा, आपली पट्टी कोणती?"

शेवटची बातमी हाती आली तेव्हा सहा वाजायचे होते, आणि लोक यायला लागले होते. आराधनाला बोलायची मनाई होती, बोट दाखवायची नव्हती; तिने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.